आत्याचं न नांगरलेलं वावर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. माझ्या माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला पुढच्या गावी जायचं तर मध्ये नाला लागायचा, म्हणून मी घरी राहिले ती राहिलेच. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. कागदासमोर तसं होत नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घाला, आणि माझ्या आत्याला हसू नका. हसायचंच असेल तर ती समोर असताना हसा. तिला उत्तर देता येतं.

माझी आत्या कुठेही गेली की पहिल्यांदा जमिनीत काडी खुपसायची. काडी म्हणजे एका जुन्या मोठ्या छत्रीची मधली लोखंडी सळई. कापड फाटलं, तारा मोडल्या, पण सळई तिने ठेवून घेतली आणि मुठीला चिंधी गुंडाळली. स्वतःच्या वावरात तर ती खुपसायचीच, पण दुसऱ्याच्या वावरातही, एसटीच्या थांब्यावरही, लग्नाच्या मांडवामागेही. लोक अक्षता टाकत असायचे आणि आत्या मागच्या बाजूला वाकून काडी किती आत गेली ते बोटांनी मोजत असायची. गावात तिला काडीवाली बाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

माझं लग्नही त्या काडीनेच जमवलं. आत्याच्या शेजारच्या घरातलं स्थळ होतं. माझ्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाने, मुलगा कसा आहे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पोरगं जास्त बोलत नाही. पण वावरात वीतभर काडी जाते. देऊन टाक पोरगी." त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही. माझे यजमान अजून म्हणतात की लोक पत्रिका पाहतात, माझ्या बाबतीत तुझ्या आत्याने काडी पाहिली.

आता ती नागपूरला प्रताप नगरात मुलाकडे राहते. तिथे घराजवळ एक बाग आहे. पहिल्याच आठवड्यात तिथल्या माळ्याने तिला हिरवळीत काडी खुपसताना धरलं. आठ दिवसांनी तोच माळी तिला घरी सोडायला आला आणि चहा पिऊन गेला. आत्याने त्याला काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही.

पूर्वी आत्याचं वावरही सगळ्यांसारखंच होतं. तीन एकर काळी जमीन. उन्हाळ्यात भाड्याचा ट्रॅक्टर यायचा, रोटाव्हेटर फिरायचा, माती पिठासारखी व्हायची आणि बघून समाधान वाटायचं. माझ्या लग्नानंतरच्या एका श्रावणात पाऊस दडी मारून बसला. सगळ्या पऱ्हाटीने, म्हणजे कपाशीने, माना टाकल्या. पण धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, बोरीच्या झाडापाशी, जिथे ट्रॅक्टर वळत नाही, तिथे आत्याने उरलेली सरकी हाताने एकेक बी खोचून डोबली होती. ती झाडं मात्र तरतरीत. आत्याने एक झाड इथलं उपटलं, एक तिथलं. धुऱ्यावरचं मूळ सरळ खाली गेलेलं. वावरातलं मूळ चार बोटं खाली जाऊन काटकोनात आडवं वळलेलं. तिने खोदून पाहिलं. वरची माती भुसभुशीत, आणि तिच्या खाली सारवून चोपलेल्या ओट्यासारखा कडक थर. दरवर्षी यंत्र तेवढ्याच खोलीवर फिरायचं आणि त्याच्या खालची जमीन दरवर्षी दबत जायची.

ते वाकडं मूळ ती घरी घेऊन आली. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, तेव्हा नागपुरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात चौकीदार होते आणि रविवारी गावी यायचे. आत्याने मूळ त्यांच्या हातात दिलं, तर त्यांना वाटलं गुडघ्यावरचं औषध आहे. त्यांनी विचारलं, उगाळून लावायचं की काढा करायचा? आत्या त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही.

त्याच्या आधी एकदा गावात कृषी सहायक येऊन न नांगरता पीक घ्यायची पद्धत सांगून गेले होते. एकदाच बेड, म्हणजे मातीचे रुंद वरंबे, पाडायचे आणि ते मोडायचे नाहीत. पीक निघालं की झाड उपटायचं नाही, जमिनीलगत कापायचं आणि मुळं आत तशीच सडू द्यायची. लोक चहा पिऊन उठून गेले होते. आत्या शेवटपर्यंत बसली होती, पण ती गुडघा धरला म्हणून. तेच आता तिला आठवलं.

पहिल्या वर्षी तिची चांगली फजिती झाली. उत्साहाच्या भरात तिने बेडवर एवढं कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, पसरलं की त्याच्याखाली वाणींनी घर केलं. वाणी म्हणजे ते लालसर, शंभर पायांचे किडे. पऱ्हाटीचं रोप जमिनीतून डोकं काढतं न काढतं तोच ते खाऊन टाकायचे. दोनदा डोबणी करावी लागली. निंदायलाही पार कंबर मोडली, कारण वखर-डवरा बंद केल्यावर गवताला कुणाचा धाक उरला नाही. कापूस शेजाऱ्यांपेक्षा कमी झाला. मी घाबरत विचारलं की आता पुढच्या वर्षी नांगरायचं का? ती म्हणाली, "कुटार जास्त झालं वं. वावराची काय चूक?" पुढच्या वर्षी तिने ओळीवरचं कुटार बाजूला सारून बी डोबलं.

लोक बोलायचेच. आमच्याकडे उन्हाळ्यात नांगरलेलं वावर म्हणजे घरात सगळं ठीक असल्याची खूण. वावरात धसकटं उभी दिसली की समजायचं, घरात आजारपण आहे नाहीतर भांडण आहे. जाणारा-येणारा धुऱ्यावर थांबून विचारायचा, बाई, यंदाही वावर उपाशीच का? आत्याकडे एकच उत्तर होतं. "पेरणी आली म्हणून तुम्ही वावर उकरता. घरी पाहुणे येणार म्हणून घर पाडता का गा?" माणूस हसून पुढे जायचा आणि पारावर जाऊन तेच वाक्य सगळ्यांना सांगायचा.

तिसऱ्या वर्षी तिचा कापूस लोकांच्या बरोबरीने आला, आणि नांगरणीचा खर्च नव्हता. चौथ्या वर्षी पाऊस पडल्यावर बेडवर गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसायला लागल्या. आत्या मला त्या दाखवायला पहाटे उठवायची, जसं कुणी घरात बाळ झालेलं दाखवतं. काडी आता वीतभर सहज जायची. ती म्हणायची, "काडी जावी, पाय नाही जावा. अशी जमीन पाहिजे." मला तेव्हा त्यातलं अर्धंच कळलं. काडी जाते हे दिसत होतं. पायाचं पुढे कळलं.

मग वैशाखात दोन गोष्टी एकदम आल्या. आतोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं म्हणून आत्या नागपूरला गेली. आणि आमच्या गावात एक लग्न होतं, त्याला बाबा आले. मांडवात कुणीतरी त्यांना टोमणा मारला की बहिणीचं वावर वर्षानुवर्षं पडीत पडून आहे आणि भाऊ इथे जिलेबी खात आहे. बाबा ताटावरून उठले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. माझे बाबा बोलायला कडक आणि मनाने फार हळवे. आत्याने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं. त्यांना आत्याच्या पद्धतीबद्दल थोडंफार माहीत होतं, पण त्यांची पक्की समजूत होती की हे सगळं बहीण पैसे नाहीत म्हणून करते आणि मान राखायला काडीच्या गोष्टी सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ट्रॅक्टरचा आवाज आला. मी पोळ्या टाकून पळत गेले तर अर्धं वावर उलटं झालं होतं. बाबांनी स्वतःच्या गावाहून भाड्याचा ट्रॅक्टर आणला होता. नांगराला हार घातला होता, नारळ फोडला होता. मी धुऱ्यावरून हाका मारल्या, हात हलवले. त्यांना वाटलं पोरगी खुश झाली. जवळ आले, माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा दिला आणि म्हणाले, "चूप राहजो. तुह्या आत्याले सांगू नको. तिले येऊन पाहू दे." मी नको म्हणाले, पण माझा आवाज मलाच आला नाही. दुपारपर्यंत नांगर आणि रोटाव्हेटर दोन्ही फिरून झालं. चार वर्षांचे बेड कुठे होते तेही ओळखू येईना.

आत्या आली तेव्हा बाबा मुद्दाम थांबले होते. तिला घेऊन आम्ही वावरात गेलो. सगळ्या गावाला वाटलं होतं आता भांडण होणार, म्हणून दोघं-तिघं उगाच बैलांना पाणी पाजत उभे होते. आत्याने वाकून मूठभर माती उचलली आणि बोटांतून गळू दिली. बाबांनीच तिच्या हातातली काडी घेतली आणि मातीत घातली. ती मुठीपर्यंत गेली. बाबा आत्याला बाईच म्हणायचे. म्हणाले, "पाह्य बाई. चार वर्षांत गेली होती का एवढी?"

आत्या म्हणाली, "आता त काडी जाईनच न. भादव्यात घालून दाखवजो."

एवढंच. मग तिने विचारलं की ट्रॅक्टरवाल्याला किती दिले. बाबा म्हणाले, बहिणीला दिलेल्या वस्तूची कुणी किंमत सांगतं का? घरी येऊन तिने त्यांना जेवू घातलं, निघताना तुरीची डाळ बांधून दिली. बाबा आनंदात गेले. आत्याने मात्र त्या ट्रॅक्टरवाल्याचा पत्ता काढून त्याच्याकडून आकडा विचारून घेतला. घरी आली, पाटीवर पालथी घातलेली कळशी सरळ केली, पुन्हा पालथी घातली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्यानं रागानं केलं असतं त मी भांडली असती. मायेनं केलं. आता काय करू सांग."

भादव्यात बाबा आले नाहीत. आत्याने एकटीनेच काडी घातली. पावसाने माती बसली होती आणि काडी चार बोटांवर अडली.

त्यानंतर तिने दोन कामं हातात घेतली. एक, बेड पुन्हा पाडून सगळं पहिल्यापासून सुरू केलं. दुसरं, बाबांचे पैसे परत करायचे. पहिलं काम सोपं निघालं.

आमच्याकडे भाऊ बहिणीचा पैसा घेत नाही. पहिल्या भाऊबीजेला तिने ओवाळून झाल्यावर पाकीट पुढे केलं, तर बाबा पाटावरून उठून अंगणात जाऊन बसले. त्यांना ते तोंडावर मारल्यासारखं वाटलं. मी केलेली माया तुला उधारी वाटते का, असं ते माझ्या आईजवळ म्हणाले आणि रडले. आत्याने पाकीट त्यांच्या पिशवीत चिवड्याखाली लपवलं. आठ दिवसांनी ते आमच्या गावच्या दूधवाल्याबरोबर परत आलं. मग ते माझ्याकडे दिलं गेलं, कारण मी माहेरी जाणारच होते. मी आईच्या उशीखाली ठेवून आले, तर बाबांनी ते मलाच परतीच्या एसटीत खिडकीतून दिलं. पुढच्या वर्षी दसऱ्याला वाटलं, जमलं. बाबांनी पाकीट मुकाट्याने खिशात घातलं. आत्या दोन दिवस गाणी म्हणत होती. भाऊबीजेला बाबा आले आणि ओवाळणीत भारी रेशमी लुगडं टाकलं, गांधीबागेतून आणलेलं. आत्याने पदर चाचपला, भाव ओळखला आणि डोक्याला हात लावला. तिचेच पैसे होते ते. लुगडं तिने माझ्या आईला नेसवलं आणि पैसे पुन्हा पहिल्यापासून बाजूला काढायला लागली.

मी एकदा म्हटलं, आत्या, जाऊ दे आता. तेव्हा ती अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "पैसे घेतले म्हणजे ते काम होते. कामाले माणूस बोलावल्यावर येते. उपकार बिनबोलावता येते, पोरी. अन् त्याले थांब म्हणता येत नाही."

वर्षं गेली. वावर हळूहळू पूर्वीसारखं झालं. आत्याचे गुडघे मात्र दरवर्षी आणखी धरत गेले. शेवटी मागच्या पावसाळ्यात तिच्या मुलाने ठरवलं की आई-बाबांना आता प्रताप नगरलाच न्यायचं. वावर आत्याने मला करायला दिलं, अर्ध्या वाट्याने. मी रात्री यजमानांना म्हटलं की मला जमणार नाही. ते म्हणाले, आत्याची काडी तुझ्या हातात आली, आता लोक मला काडीवालीचा नवरा म्हणणार. त्यांना तेवढंच सुचतं.

आत्या निघाली त्या दिवशी आठवडाभराची झड नुकतीच उघडली होती. दारात टेम्पोत सामान भरणं चालू होतं. बाबा निरोप द्यायला आले. पायांना घोट्याच्या वर चिखल, चपला हातात. येताना स्वतःच्या वावरात डोकावून आले होते. चहा पिताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई गेली म्हणून घाबरू नको. मी आहे न. उन्हाळ्यात ट्रॅक्टर धाडून देतो, सारं वावर साफ करून देतो."

आत्या टेम्पोजवळ उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. ती बोलणार नव्हती, हे मला कळलं. आता ते तिचं वावर नव्हतं, म्हणजे करायला नव्हतं. तिने नको म्हटलं असतं तरी बहीण मान राखायला बोलते असं समजून बाबांनी माझ्यासाठी ट्रॅक्टर पाठवलाच असता. मी म्हटलं, "नका धाडू, बाबा."

बाबा हसले. "काहून वं? पैसे मी देतो न."

काहून ते मला सांगता येईना. मी बशी खाली ठेवली आणि त्यांना चला म्हटलं. पुढे मी, मागे ते. वाटेने बाकीची वावरं लागत होती, सगळीकडे पाणी साचलेलं, ओळींच्या मध्ये गढूळ डबकी. बाबा म्हणाले, माझ्या वावरात आठ दिवस झाले पाय ठेवता येत नाही, निंदण तसंच पडलं आहे. आमच्या धुऱ्यावरून मी सरळ आत गेले आणि दोन बेडांच्या मधून चालत राहिले. ते पाय रुतेल म्हणून जपून जपून आले. मग नेहमीसारखे चालायला लागले. वावराच्या मधोमध येऊन थांबले आणि खाली वाकून स्वतःचे पाय पाहिले. पायांना होता तो त्यांच्या वावरातला वाळलेला चिखल. नवीन काही चिकटलं नव्हतं. पाणी कुठे गेलं, त्यांनी विचारलं. मी जमिनीकडे बोट दाखवलं. त्यांनी टाच दाबून पाहिली, दोनदा दाबून पाहिली. परत येताना ते पुढे चालत होते आणि मी मागे.

टेम्पो भरून झाला होता. आत्या ड्रायव्हरशेजारी चढून बसली होती आणि मुलगा उशीर होतो आहे म्हणत होता. तिने पदराच्या गाठीतून पाकीट काढून खिडकीतून पुढे धरलं. बाबांनी नेहमीसारखे हात मागे घेतले. म्हणाले, जाताना तरी असं करू नको, बहिणीचे पैसे घेऊन मी कुठे जाऊ?

"कुठंच नको जाऊ," आत्या म्हणाली. "घरी जा. अन् पोरगी बोलावीन तवा ये."

बाबा माझ्याकडे वळले. मी खाली पाहिलं नाही. तेवढं मला त्या दिवशी जमलं.

त्यांनी पाकीट घेतलं. मला वाटलं ते आता खिशात घालतील आणि कधीतरी चिवड्याच्या डब्यातून परत येईल. पण त्यांनी चपला खाली ठेवल्या, नोटा बाहेर काढल्या, अंगठा जिभेला लावला आणि सगळ्यांसमोर एक-एक नोट मोजली. जन्मात कधी त्यांनी बहिणीच्या हातचं काही मोजून घेतलं नव्हतं. आत्या खिडकीवर हनुवटी टेकवून पाहत होती. मोजून झाल्यावर त्यांनी नोटा नीट घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि वरून हात दाबला.

"पूर्ण आहेत, बाई," बाबा म्हणाले. "फिटले."